गाडी दुपारी चार्ज करा

भारतात एक कोटी इलेक्ट्रिक मोटारी धावू लागल्या तर त्यांना वीज किती लागेल? हिशेब सोपा आहे. मध्यम आकाराची मोटार एका युनिटात साधारण 7 किलोमीटर जाते. महिन्याचे हजार किलोमीटर धरले, तर एका गाडीला वर्षाला सतराशे युनिट लागतील आणि एक कोटी गाड्यांना 1,700 कोटी. देशात वर्षाला तयार होणारी वीज 1 लाख 80 हजार कोटी युनिटांच्या घरात आहे. म्हणजे या साऱ्या गाड्यांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास!

मग वीजक्षेत्रातल्या लोकांना घोर कसला? तर संध्याकाळी साडेसातचा. त्या कोटीतल्या फक्त दहा लाख मालकांनी कामावरून घरी येऊन एकाच वेळी 7.2 किलोवॅटचा चार्जर लावला, की 7,200 मेगावॅटची मागणी उभी राहते. अख्ख्या मुंबईची ऐन उन्हाळ्यातली कमाल मागणी 4,000 मेगावॅटच्या आसपास असते. आणि साडेसातला सूर्य मावळलेला असतो, घरोघरी दिवे, एसी आणि मिक्सर सुरू असतात.

वीजजाळ्यात वीज साठून राहत नाही. जेवढी खर्च होते, तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. हा मेळ बसला आहे की नाही, हे एका आकड्यावरून कळते: 50 हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला 50 आवर्तने. मागणी वाढली की देशभरातली जनित्रे किंचित मंदावतात आणि आकडा खाली येतो. मागणी घटली की वर जातो. आपल्याकडे तो 49.90 ते 50.05 च्या दरम्यान ठेवायचा असतो. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात पाळ्या लावून माणसे बसतात, ती या मेळासाठीच.

5 एप्रिल 2020 चा रविवार आठवा. करोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊला नऊ मिनिटे दिवे मालवायचे होते. मागणी 12-14 हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे 31 हजारांनी घसरली, आणि दिवे पुन्हा लागताच तितक्याच झपाट्याने वर चढली. जाळे कोसळले नाही, याचे मोठे श्रेय जलविद्युत केंद्रांना जाते, कारण पाणी मिनिटांत थांबवता आणि सोडता येते. कोळशाच्या बॉयलरला ते जमत नाही.

कोळशाचा हा जडपणा दुपारी फार नडतो. जानेवारी 2025 अखेर देशातली सौर क्षमता 100 गिगावॅटच्या (1 लाख मेगावॅटच्या) पुढे गेली. भर उन्हात सौर वीज जाळ्यात घुसते, तेव्हा औष्णिक संचांना उत्पादन कमी करावे लागते. पण नियमानुसार त्यांना क्षमतेच्या 55 टक्क्यांपर्यंत उतरता आले पाहिजे, आणि त्याखाली जाणे बहुतेक जुन्या संचांना झेपत नाही. ते पुरते बंदही करता येत नाहीत, कारण संध्याकाळी तेच लागणार. मग राजस्थानात असे दिवस येतात की ऊन आहे, पॅनेल आहेत, पण ती वीज घ्यायला जागाच नाही. इंधनाचा छदामही न लागणारी वीज वाया घालवायची आणि संध्याकाळी कोळसा पेटवायचा, हा उफराटा कारभार आहे.

संध्याकाळची खिंड लढवायला आपल्याकडे कोयना आहे, 1,960 मेगावॅटची. पण विजेसाठी पश्चिमेकडे वळवायचे तिचे पाणी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) एवढेच. अकोले तालुक्यातल्या घाटघरचा प्रकल्प वेगळ्या तऱ्हेचा: जास्तीच्या विजेने पाणी कड्यावर चढवायचे, हवे तेव्हा खाली कोकणात सोडून वीज घ्यायची. क्षमता मात्र 250 मेगावॅट. असे प्रकल्प वाढायला वर्षे लागतील.

म्हणून ‘गाडी रात्री चार्ज करा’ हा सल्ला मला आता पटत नाही. तो काळ वेगळा होता. रात्री मागणी कमी, कोळशाचे संच तर चालूच, म्हणून कारखान्यांनाही रात्री स्वस्त वीज मिळे. आज स्वस्त वीज दुपारी आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार सौर तासांतला, म्हणजे दिवसा ऊन असतानाचा, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायचा आहे. कोळशाच्या विजेवर धावणारी गाडीही सहसा पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमीच धूर करते, हे खरे. पण दुपारच्या उन्हावर भरलेल्या गाडीची सर तिला नाही.

आणि रात्रीच्या चार्जिंगची दुसरी अडचण सोसायटीच्या कोपऱ्यात उभी असते: डीपी, म्हणजे तिथला ट्रान्सफॉर्मर. 315 केव्हीएच्या, म्हणजे फार तर 315 किलोवॅट पेलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चाळीस गाड्या एकदम 7.2 किलोवॅटने लागल्या, तर 288 किलोवॅट तिथेच संपले. एसी आणि लिफ्ट राहिल्याच. सगळे एकाच वेळी लावणार नाहीत, असे म्हणता येईल. पण रात्री अकरानंतर दर उतरतो असे कळले, की मोबाइलवर टायमर लावलेल्या सगळ्या गाड्या अकरालाच सुरू होतील.

मोटार दिवसाचा बराचसा वेळ कुठे उभी असते? हिंजवडीसारख्या ठिकाणी, कंपनीच्या पार्किंगमध्ये, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. तिथे महागडे वेगवान चार्जर लागतच नाहीत. 3.3 किलोवॅटचा साधा 15 अँपियरचा पॉइंट पुरतो. रोजच्या 40 किलोमीटरला लागतात सहा युनिट, म्हणजे दोन तास. चार गाड्यांनी आळीपाळीने एकच पॉइंट वापरला तरी भागेल, फक्त दर दोन तासांनी कुणीतरी प्लग बदलायला हवा.