मधुमेहींचा आहार

रक्तातील साखर मर्यादेत राहावी, वजन आटोक्यात यावे आणि हृदय, मूत्रपिंडे, डोळे व नसा यांना होणारी इजा टळावी किंवा लांबणीवर पडावी, यासाठी मधुमेही व्यक्तीने रोज पाळायची जेवणाची पद्धत. औषधे आणि व्यायाम यांच्याइतकाच तो उपचाराचा भाग आहे. मराठी घरांत या पथ्याची चर्चा साखरेच्या डब्यापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. चहा बिनसाखरेचा झाला, हातावर ठेवलेला पेढा परत केला, की पथ्य सांभाळल्याचे समाधान मिळते. पण दिवसभरात रक्तातील साखर सर्वांत जास्त वाढते ती भात, पोळी, भाकरी, पोहे आणि साबुदाणा यांमुळे. त्यामुळे मधुमेहींच्या आहाराचा खरा प्रश्न ताटातल्या धान्याचा वाटा किती, हा आहे.

व्याप्ती आणि पार्श्वभूमी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के.

‘मी काही जाड नाही, मला कसली साखर’ हा समज पुण्यातल्या संशोधनाने खोटा ठरवला आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, वजन-उंचीचा निर्देशांक (बीएमआय) २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय बारीक, पण पोटाभोवती चरबी आणि स्नायू कमी, ही ठेवण आपल्याकडे सर्रास दिसते. म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही मोजायला हवा आणि जेवण कमी करताना स्नायू झिजणार नाहीत याचीही काळजी घ्यायला हवी. नुसते ‘कमी खा’ हा सल्ला इथे अपुरा पडतो.

आहार आणि या रोगाचा संबंध जुन्या वैद्यकालाही ठाऊक होता. चरकसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांच्या, कारणांमध्ये बसून राहण्याचे आणि झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ सांगितले आहेत, तर पथ्यात जवाला मोठे स्थान आहे. १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे, त्यांना पाश्चात्त्य डॉक्टर जवळपास उपाशी ठेवत. त्याने आयुष्य थोडे लांबे, इतकेच.

धान्याचा वाटा

तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी या सगळ्यांत पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, मुख्य असतो. पचनात त्याचे ग्लुकोज होते. एका फुलक्याला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि त्यातून वीसेक ग्रॅम कर्बोदके मिळतात. हातावर थापलेल्या मध्यम भाकरीला ६० ते ८० ग्रॅम पीठ सहज लागते. म्हणजे पोळी सोडून भाकरीवर आलेला आणि पूर्वी दोन फुलके खाणारा माणूस दोन भाकऱ्या खाऊ लागला, तर त्याचे धान्य दुप्पट किंवा त्याहूनही अधिक झालेले असते. ज्वारी-बाजरीत तंतू जास्त असतात, पोट लवकर भरते, हा फायदा खराच आहे. पण तो एका भाकरीपुरता.

२०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या भारतीय आहाराच्या अभ्यासाने हेच दाखवले. भारतीयांच्या ऊर्जेपैकी सरासरी ६२ टक्के कर्बोदकांतून येते. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणले, पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्ये आणि दूध-दही यांतील प्रथिनांना दिला, तिथे मात्र तो कमी आढळला. ‘तांदूळ बंद, नाचणी सुरू’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर मनावर घ्यावा.

कोणता पदार्थ साखर किती वेगाने वाढवतो, हे मोजण्याची पद्धत टोरांटोचे डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये मांडली. तिला ग्लायसेमिक निर्देशांक म्हणतात. तो ५५ पर्यंत कमी आणि ७० पासून वर जास्त समजतात. अख्खी कडधान्ये खालच्या गटात येतात, मैद्याचा पाव वरच्या. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा सहसा सावकाश पचतो. तरीही निर्देशांक वेग सांगतो, वाटा सांगत नाही. उकड्या भाताच्या तीन वाढी घेतल्या तर त्याचा गुण धुऊन जातो.

ताट वाढण्याची रीत

आहारतज्ज्ञ आज जे चित्र काढून दाखवतात त्यात अर्धे ताट भाज्या, पाव भाग प्रथिने आणि पाव भाग धान्य असते. मराठी ताटात हे सगळे पदार्थ आधीपासूनच आहेत. डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे पालेभाजी, उसळ, आमटी; मध्ये भात आणि पोळी. बिघडले आहे ते प्रमाण. कोशिंबीर चमचाभर, उसळ लहान वाटीत आणि भाताची मूद दोनदा, असे ताट मधुमेहीसाठी उलटे करावे लागते. काकडी, मुळा, गाजर, कोबी यांची कोशिंबीर वाटीभर, पालेभाजी सढळ हाताने, उसळ मोठ्या वाटीत. धान्याचा एकच प्रकार घ्यावा: फुलके तरी किंवा भात तरी. बटाटा, रताळे, सुरण यांना भाजी म्हणून मोजू नये, ते धान्याच्या खात्यात जातात.

उसळीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण शाकाहारी घरात प्रथिनांचा भार तीच उचलते. मटकी, मूग, चवळी, हरभरे, वाल रात्री भिजत घालून, उपसून, फडक्यात बांधून मोड आणायचे. तेल चमचाभर, खोबरे बेताचे आणि गूळ वगळायचा. वरण हा उसळीला पर्याय ठरत नाही, कारण घराघरांत ते इतके पातळ असते की वाटीत डाळ थोडी आणि पाणी फार. घट्ट वरण, पिठले, झुणका, दही, पनीर, अंडी, मासे यांतून ही भर घालता येते. बांगडा किंवा तारली आमटीत शिजवलेली बरी, रवा लावून तळलेली रोज नको.

खाण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पहिला घास वरणभाताचा. भाज्या आणि प्रथिने आधी आणि धान्य शेवटी खाल्ले, तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून कोशिंबीर आणि निम्मी उसळ आधी खावी, मग फुलका हातात घ्यावा. जेवल्यावर शतपावली घालायची जुनी सवयही उपयोगी आहे: पायाचे स्नायू चालू लागले की ते रक्तातील ग्लुकोज वापरतात. दहा-पंधरा मिनिटांचे चालणेही पुरते.

मेथीदाण्यांत विरघळणारे तंतू भरपूर असतात आणि त्यांनी साखर काहीशी उतरते, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील अभ्यासांत आढळले. कारले, जांभळाच्या बियांची पूड यांचा पुरावा त्याहून तोकडा आहे. यांतले काहीही खावे, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नये.

उपवास

मराठी मधुमेहींची साखर ज्या दिवशी हमखास बिघडते, तो दिवस उपवासाचा. आषाढी एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिने नाममात्र आणि तंतूही नाहीत. खिचडीत वर बटाटा पडतो, साखरेची चिमूट पडते, सोबत रताळ्याचा कीस येतो. दाण्याच्या कुटाने पचन थोडे मंदावते, पण तेवढ्याने साबुदाणा निर्धोक होत नाही. उपवास करायचाच असेल तर राजगिऱ्याची किंवा शिंगाड्याची भाकरी, वाटीभर भगर आणि दाण्याची आमटी, काकडीची दाणे घातलेली कोशिंबीर, दही, ताक असा बेत पुष्कळ बरा. भगरही मोजूनच घ्यावी. निर्जळी उपवास, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता केलेला कोणताही कडक उपवास, टाळावा.

गोड, फळे, चहा

गूळ, काकवी, मध, खडीसाखर ही सगळी साखरेचीच रूपे आहेत. गुळात थोडे लोह असते म्हणून तो मधुमेहींना चालतो, हा गैरसमज फार पसरला आहे. ‘शुगर-फ्री’ मिठाईत साखर नसली तरी खवा, मैदा, तूप असतेच. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, तेव्हा चहाची साखर सोडणे योग्यच आहे. फळ अख्खे खावे, रस काढू नये. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके असतात. हापूसच्या दोन-चार फोडी त्या वेळचा एक फुलका कमी करून खाता येतात, पुरीबरोबर आमरसाच्या वाट्या मात्र नाहीत. गणपतीत एक उकडीचा मोदक घेतला तर त्या जेवणात भात नको. वर्षभर नीट जेवणाऱ्या माणसाला सणाच्या दिवशी अपराधी वाटायला लावू नये.

दोन वेळच्या जेवणाचा प्रयोग

दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे, ही डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोचवली. अधूनमधून तोंडात टाकण्याची सवय सुटल्याने अनेकांचे वजन घटते. वजन घटण्याचे महत्त्व ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या चाचणीत वेगळ्या मार्गाने दिसले आहे: तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिल्यावर वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने जेवणे कमी केली आणि डोस तोच ठेवला, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डोस आधी ठरवून घ्यावा, मग जेवण बदलावे.

साखर उतरणे आणि विशेष अवस्था

हातपाय थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, भलतेच बोलणे ही साखर ७० मिलिग्रॅमखाली गेल्याची लक्षणे असू शकतात. त्या वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा तपासावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावी. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी लोकांत ते आधीच कमी असते. तळपायांना मुंग्या येतात त्या मधुमेहाच्याच असे धरून न चालता ही तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडे अधू झाल्यावर वर सांगितलेल्या प्रथिनांच्या प्रमाणात बदल करावा लागतो. डाळी, शहाळ्याचे पाणी, फळे यांची मर्यादा डॉक्टर ठरवतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहातील मुलांना इन्सुलिन आयुष्यभर लागते. त्यांचे खाणे तोडायचे नसते, ताटातली कर्बोदके मोजून त्याप्रमाणे डोस द्यायचा असतो. गरोदरपणात मधुमेह निघाला तर ‘दोन जिवांचे खा’ हा आग्रह थांबवून दिवसाचे जेवण पाच-सहा लहान भागांत वाटतात, आणि बाळंतपणानंतर डिंकाचे व अळिवाचे लाडू साखर तपासूनच देतात, कारण अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते.