कॉर्टिसोल उतरायला किती वेळ लागतो?

‘कॉर्टिसोल घटवा’ असं सांगणाऱ्या भुकट्यांच्या आणि गोळ्यांच्या जाहिरातींचा सध्या सुळसुळाट झाला आहे. त्या वाचून कुणालाही वाटेल की हे शरीरात साचलेलं विष आहे. खरं तर ते ताणाच्या वेळी वाढणारं, शरीराचं स्वतःचं संप्रेरक (हार्मोन) आहे. प्रत्यक्षात कॉर्टिसोलवाचून माणूस जगूच शकत नाही. ॲडिसनच्या आजारात ते पुरेसं तयार होत नाही, तेव्हा रुग्णाला ते औषध म्हणून रोज घ्यावं लागतं. निरोगी माणसात जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते दिवसातल्या सर्वांत वरच्या पातळीला असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. म्हणून एका वेळच्या तपासणीवरून ‘तुमचा ताण वाढलाय’ असं सांगून पूरक गोळ्या विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. ‘ॲड्रिनल फटीग’ (ताणामुळे कॉर्टिसोल बनवणाऱ्या ग्रंथी थकून जाणं) नावाचा आजारही वैद्यकशास्त्राला मान्य नाही.

कामाच्या ताणात खरा प्रश्न असतो तो वेळेचा.

वरिष्ठांनी सगळ्यांसमोर जाब विचारला की काही सेकंदांत ॲड्रिनलिन हे झटपट काम करणारं संप्रेरक रक्तात येतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात. ॲड्रिनलिन टिकतं मात्र थोडाच वेळ. दोन-तीन मिनिटांत त्याचं प्रमाण निम्मं होतं. त्याच वेळी दुसरी, संथ साखळी सुरू झालेली असते. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं निरोप्या संप्रेरक सोडतो, त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते, ते रक्तातून मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पोहोचतं आणि त्यांच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसोल तयार होऊ लागतं. प्रसंग सुरू झाल्यापासून वीस-तीस मिनिटांनी त्याची पातळी शिखर गाठते, म्हणजे अनेकदा बैठक संपून आपण जागेवर येऊन बसल्यावर! पुढे ते निम्मं व्हायला साधारण एक ते दीड तास लागतो.

ते थांबवतं कोण? कॉर्टिसोल स्वतःच. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा पातळी वाढली की नळ बंद करतो, तसं वाढलेलं कॉर्टिसोल हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीला ‘पुरे’ असा निरोप देतं. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागात त्याचे दोन प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे पेशींमधले कॉर्टिसोलला पकडणारे रेणू, असतात: एमआर आणि जीआर. एमआर ग्राहक कॉर्टिसोलला सुमारे दहापट घट्ट धरतात, त्यामुळे ते एरवीही बहुतांशी भरलेले असतात. जीआर ग्राहक भरतात ते पातळी चढल्यावरच, आणि साखळी आवरण्याचं मोठं काम त्यांचं. ताण महिनोन्‌महिने चालला की हा निरोप नीट पोहोचेनासा होऊ शकतो, आणि सकाळ-रात्रीतला चढउतारही सपाट होऊ लागतो.

कशाने ही साखळी सर्वांत जोरात पेटते, हे जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात तयार झालेल्या १९९३ च्या ‘ट्रिअर’ ताण-चाचणीत छान दिसतं. चेहरा निर्विकार ठेवणाऱ्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण, मग पाच मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं. चुकलं की पुन्हा १०२२ पासून. गणित अवघड नाही. पण चारचौघांत आपली पारख होतेय आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या जोडीमुळे कॉर्टिसोल चांगलंच चढतं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्रही याच दिशेचं: कामाचा बोजा जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी, ही जोडी घातक. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळला.

म्हणून आपल्याला पारखणाऱ्या दोन बैठका एकाला लागून ठेवू नयेत. मध्ये किमान तासभर तरी नोंदी भरण्यासारखं नेहमीचं काम घ्यावं. तो तास झालेला प्रसंग मनात घोळवण्यात गेला तर साखळी चालूच राहू शकते, कारण हायपोथॅलॅमसला आठवणही पुरते. म्हणून बैठकीतून उठण्याआधी दोन ओळी लिहाव्यात: काय ठरलं, आणि आपलं पुढचं पहिलं पाऊल कोणतं. कामाची जबाबदारी कागदावर गेली की मन ती सहसा पुन्हापुन्हा उगाळत नाही.

श्वासाचा उपयोग होतो, पण कशासाठी ते समजून घ्यावं. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस ही मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी चेता (नर्व्ह) हृदयाचा वेग कमी करते, म्हणून तो लांबवायचा. अनेक जण इथे जोरजोरात खोल श्वास घेतात. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरायला होतं. श्वास सावकाश हवा, मोठा नाही. अर्थात, रक्तात आधीच आलेलं कॉर्टिसोल त्याने धुऊन निघत नाही. ते यकृत त्याच्या गतीनेच मोडतं.

छातीत दुखत असेल किंवा झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर हे प्रयोग सोडून डॉक्टरांकडे जावं.

आणि बैठक बोलावणाऱ्यांनी कोणते प्रश्न विचारले जाणार आहेत ते आदल्या दिवशी कळवावं, कामांचा क्रम ज्याचा त्याला ठरवू द्यावा आणि चूक दाखवायची असेल तर ती एकट्याला बोलावून दाखवावी. ट्रिअर चाचणीत ताण निर्माण करण्यासाठी मुद्दाम जे केलं जातं, नेमकं तेच यातून टळतं.