घडियाल संवर्धन : १९९१ च्या निर्णयाची पार्श्वभूमी

चंबळ नदीच्या अलीकडच्या गणनांमध्ये दोन हजारांहून अधिक घडियाल (लांब, अरुंद जबड्याची, मासे खाणारी मगरीची जात) नोंदवले गेले आहेत. ही वाढ पिंजऱ्यात वाढवून नदीत सोडलेल्या पिल्लांमुळे झाली की नदीचे संरक्षण केल्यामुळे, यावर जाणकारांचे एकमत नाही. या मतभेदाचे मूळ १९७५ मध्ये सुरू झालेल्या मगर प्रकल्पाच्या आरंभीच्या पद्धतीत आणि त्यातील अंडी गोळा करणे व बंदिस्त प्रजनन यांचा निधी थांबवण्याच्या केंद्र सरकारच्या १९९१ च्या निर्णयात आहे.

सिंधूपासून म्यानमारमधील इरावतीपर्यंतच्या नद्यांमध्ये १९४० च्या दशकात पाच ते दहा हजार घडियाल असावेत, असा अंदाज मांडला जातो. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रौढ घडियालांची संख्या दोनशेच्याही खाली आली होती. कातडीसाठी होणारी शिकार, अंड्यांची लूट, मासेमारीच्या जाळ्यांत अडकून होणारे मृत्यू आणि मोठी धरणे ही त्यामागची कारणे होती. महानदीवरचे हिराकूड आणि चंबळवरचे गांधीसागर ही धरणे १९६० पर्यंत उभी राहिली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली, तरी नदीचा बदललेला प्रवाह कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

१९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय साहाय्याने मगर प्रकल्प सुरू झाला आणि त्याची पहिली केंद्रे ओडिशात निघाली. वाळूच्या काठांवरील घरट्यांतून अंडी उचलायची, ती नियंत्रित तापमानात उबवायची, पिल्ले सुमारे सव्वा मीटर लांबीची होईपर्यंत तलावांत सांभाळायची आणि मग नदीत सोडायची, अशी त्याची पद्धत होती. या पद्धतीमागचे कारण रास्त होते. घडियालाची मादी मार्च-एप्रिलमध्ये वाळूत तीस-चाळीस अंडी घालते आणि पिल्ले पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात. कोल्हे आणि घोरपडी घरटी उकरतात, त्यातून वाचलेली बहुसंख्य पिल्ले पहिल्याच पुरात वाहून जातात. हा सर्वांत धोक्याचा काळ माणसाच्या देखरेखीखाली काढला तर संख्या झपाट्याने वाढेल, असा हिशेब होता. प्रजननक्षम नर इतके दुर्मीळ झाले होते की भुवनेश्वरजवळच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयासाठी फ्रँकफर्टहून एक नर आणावा लागला, आणि १९८० मध्ये तेथे बंदिवासात पिल्ले जन्मली. त्याच सुमारास राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांत पसरलेले चंबळ अभयारण्य अस्तित्वात आले. माझ्या मते त्या दशकातील हे सर्वांत महत्त्वाचे पाऊल होते, पण पिल्ले सोडण्याच्या समारंभांना जेवढी प्रसिद्धी मिळाली तेवढी या पावलाला मिळाली नाही.

एकच पद्धत भारतातील मगरींच्या तिन्ही जातींना, म्हणजे घडियाल, खाऱ्या पाण्यातील मगर आणि गोड्या पाण्यातील मगर यांना, लावली गेली, हे येथे लक्षात घ्यायला हवे. खाऱ्या पाण्यातील मगरींना ती मानवली. ओडिशातील भितरकनिकाच्या खारफुटीत प्रकल्पाच्या आरंभी शंभराच्या आत असलेली त्यांची संख्या आज अठराशेच्या आसपास पोहोचली आहे. गोड्या पाण्यातील मगर तळ्यात, कालव्यात आणि धरणाच्या फुगवट्यातही तग धरते. कृष्णा-वारणेच्या काठावरील लोकांना ते वेगळे सांगायला नको. तिची पिल्ले केंद्रांमध्ये इतकी वाढली की ती ठेवायची कोठे, हाच प्रश्न उभा राहिला. कातडीसाठी मगरपालनाला परवानगी द्यावी अशी मागणीही तेव्हा झाली, परंतु सरकारने ती मान्य केली नाही. घडियालाचे तसे नाही. त्याला वाहते खोल पाणी, मुबलक मासे आणि माणसांचा वावर नसलेले वाळूचे काठ लागतात. यातली एक गोष्ट नसली तरी सोडलेली पिल्ले टिकत नाहीत.

या पार्श्वभूमीवर १९९१ मध्ये केंद्र सरकारने अंडी गोळा करण्यासाठी व बंदिस्त प्रजननासाठी दिला जाणारा निधी थांबवला. प्रकल्पाचा उद्देश साध्य झाला आहे, असे त्याचे कारण देण्यात आले. या निर्णयावर दोन्ही बाजूंनी टीका झाली आणि आजही होते. केंद्रे चालवणाऱ्यांचे म्हणणे असे की हाती आलेले यश अर्ध्यावर सोडले गेले. दुसऱ्या बाजूचे अभ्यासक म्हणतात की पद्धतच सदोष होती, कारण पिल्ले नदीत सोडल्यावर त्यांचे पुढे काय झाले हे पाहण्याची व्यवस्था फारच तोकडी होती. सोडलेल्या पिल्लांचा आकडा यशाचे प्रमाण मानला गेला, पण त्यांतील किती प्रौढ झाली आणि किती माद्यांनी घरटी केली, याचा हिशेब क्वचितच मांडला गेला. मला दुसरी बाजू अधिक पटते. तरीही त्या निर्णयाला सरसकट योग्य म्हणता येत नाही. अंडी उचलणे कमी होण्यात फारसे नुकसान नव्हते. काम संपले या समजुतीने नदीवरची नजर मात्र ढळली, आणि खरे नुकसान तेथे झाले.

१९९७-९८ मध्ये चंबळ अभयारण्यात बाराशेहून अधिक घडियाल आणि पंच्याहत्तरहून अधिक घरटी नोंदली गेली होती. त्यानंतर १९९९ ते २००३ या काळात तेथे गणनाच झाली नाही. याच काळात वाळूचा उपसा, काठावरची शेती, पाण्याचा उपसा आणि तरत्या जाळ्यांची मासेमारी वाढत गेली. पुन्हा मोजणी होऊन आकडे एकत्र मांडले गेले, तेव्हा सर्व अधिवासांतील मिळून प्रौढ घडियाल १९९७ मधील ४३६ वरून २००६ मध्ये १८२ वर आल्याचे दिसले. २००७ मध्ये घडियालाला धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून चंबळच्या खालच्या भागात, यमुनेच्या संगमाकडे, मृत घडियाल सापडू लागले आणि मार्च २००८ पर्यंत त्यांची संख्या शंभरावर गेली. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी झाल्याचे आणि अवयवांवर युरिक आम्लाचे थर साचल्याचे आढळले. संशय यमुनेतून आलेल्या विषारी द्रव्यांवर होता, परंतु नेमके कोणते द्रव्य हे सिद्ध झाले नाही. चंबळ स्वच्छ असली तरी ती ज्या नदीला मिळते तिच्या प्रदूषणापासून अभयारण्याची सीमा घडियालांना वाचवू शकत नाही, हे त्या हिवाळ्यात उघड झाले.

पिल्ले वाढवून सोडण्याचे काम पूर्ण बंद पडले नाही. मुरैनाजवळच्या आणि लखनौच्या केंद्रांतील पिल्ले पुढेही सोडली गेली. ओडिशात महानदीवरील सातकोसिया येथे मात्र १९७० च्या दशकापासून सोडूनही नैसर्गिक प्रजनन होत नव्हते. चार दशकांच्या खंडानंतर, २०२१ मध्ये तेथे घरट्यातून २८ पिल्ले बाहेर आली. पंजाबमध्ये घडियाल नाहीसे होऊन कित्येक दशके लोटली होती. तेथील बियास नदीत २०१७ पासून चंबळच्या परिसरातील केंद्राची पिल्ले सोडली जात आहेत. मादी प्रजननक्षम होण्यास सुमारे दहा वर्षे लागतात, त्यामुळे बियासच्या काठावर पहिली घरटी दिसेपर्यंत त्या प्रयोगाचा निकाल लागणार नाही, आणि तोवर तेथील गणनेत खंड पडू न देणे आवश्यक आहे.