टायमिंग बिघडलंय की स्पेसिंग?

मोशन ग्राफिक्स (पडद्यावर हलणारी अक्षरं आणि आकार) शिकायला लागलेल्यांचं काम मी बरंच बघतो, आणि एक वाक्य हमखास कानावर येतं: "हलतंय, पण बरोबर वाटत नाहीये. टायमिंग बदलून बघतो." मग की-फ्रेम (वस्तू कोणत्या क्षणी कुठे असावी हे सांगणारी खूण) चार फ्रेम्स, म्हणजे चार चित्रं, पुढे सरकते. नको, दोन मागे. परत तीन पुढे. तासभर हे चालतं आणि हालचाल होती तशीच लाकडी राहते. कारण बहुतेक वेळा टायमिंगला काहीच झालेलं नसतं. दुखणं स्पेसिंगमध्ये असतं आणि औषध टायमिंगला दिलं जातं.

टायमिंग तुम्हाला येतं, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. एखादी गोष्ट किती फ्रेम्समध्ये घडते, ते टायमिंग. सेकंदाला २४ फ्रेम्स असतील तर १२ फ्रेम्स म्हणजे अर्धा सेकंद. ३० असतील तर त्याच १२ फ्रेम्स ०.४ सेकंदात संपतात. शीर्षक पडद्यावर किती वेळ ठेवायचं ते ठरवायला सावकाश मोठ्याने दोनदा वाचून बघा. झालं.

स्पेसिंग म्हणजे त्या बारा फ्रेम्सपैकी प्रत्येक फ्रेमला वस्तू नेमकी कुठे आहे. (मांडणी करताना दोन ओळींमधल्या किंवा दोन अक्षरांमधल्या अंतरालाही आपण स्पेसिंगच म्हणतो. तो वेगळा विषय. इथे अंतर आहे ते एकाच वस्तूच्या दोन लागोपाठच्या जागांमधलं.)

आकडे घेऊन बघू. एक शीर्षक डावीकडून आत येतं, १२ फ्रेम्समध्ये ७२० पिक्सेल सरकतं. सरळ लिनियर, म्हणजे एकसारख्या वेगाने, ठेवलं तर दर फ्रेमला ६० पिक्सेल. पहिल्या फ्रेमलाही ६०, शेवटच्या फ्रेमलाही ६०, आणि मग एकदम ठप्प. भिंतीवर आपटल्यासारखं.

आता तेच शीर्षक, त्याच १२ फ्रेम्स, तेच ७२० पिक्सेल. पण पहिल्या फ्रेमला ११५ पिक्सेल, मग १०५, ९५, ८५, ७५, ६५, ५५, ४५, ३५, २५, १५ आणि शेवटी ५. बेरीज करून बघा, ७२०च येते. अर्धा वेळ, म्हणजे ६ फ्रेम्स, संपतो तेव्हा शीर्षक ५४० पिक्सेलवर पोचलेलं असतं. अर्ध्या वेळात पाऊण रस्ता. आठव्या फ्रेमला ते ६४०वर असतं आणि उरलेल्या चार फ्रेम्समध्ये फक्त ८० पिक्सेल सरकतं, म्हणजे तोवर डोळ्याने वाचायला सुरुवातही केलेली असते. लिनियरवाल्या शीर्षकाला आठव्या फ्रेमला अजून २४० पिक्सेल जायचं असतं.

हेच आकडे उलटे लावा, ५, १५, २५ असे, तर अर्ध्या वेळात फक्त १८० पिक्सेल होतात आणि मग वस्तू सुसाट सुटते. पडद्याबाहेर जाणाऱ्या गोष्टीला हे शोभतं, कारण जाताना तिला कुणी वाचणार नसतं. आत येणाऱ्या शीर्षकाला हेच लावलेलं दिसलं की मला ते खटकतं. शीर्षक अंगावर धावून येतं आणि वाचायची वेळ आली की दचकून थांबतं.

तिन्ही हालचालींचं टायमिंग एकच होतं. म्हणून की-फ्रेम पुढेमागे सरकवून पहिलीची दुसरी कधीच होणार नाही. की-फ्रेम लांब नेली की सगळ्या उड्या, म्हणजे दोन फ्रेम्समधली अंतरं, एकाच प्रमाणात लहान होतात, जवळ आणली की मोठ्या. उड्यांचं आपापसातलं नातं जागचं हलत नाही. हालचालीचं वजन, स्वभाव, ती कागदाची आहे की लोखंडाची, हे सगळं त्या नात्यात असतं.

हा गोंधळ नवीन नाही, आणि त्याला थोडं कारण आपल्या जुन्या शब्दांतही आहे. हाताने चित्रं काढून ॲनिमेशन व्हायचं तेव्हा मुख्य चित्राच्या कडेला एक उभी रेघ आणि तिच्यावर छोट्या आडव्या खुणा काढत. मधली चित्रं कुठे कुठे काढायची ते मधली चित्रं काढणाऱ्याला त्यावरून कळे. त्या खुणा शुद्ध स्पेसिंग दाखवतात, पण त्या आकृतीला बहुतेक जण टायमिंग चार्ट म्हणत आले. खरं टायमिंग असे एक्सपोजर शीटवर, कोणतं चित्र किती फ्रेम्स ठेवायचं त्या तक्त्यात. डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये ॲनिमेशनची १२ तत्त्वं लिहिली, त्यातही 'टायमिंग' आणि 'स्लो इन, स्लो आउट' (हळू सुरुवात, हळू शेवट) ही दोन वेगळी तत्त्वं आहेत. दुसरं म्हणजे स्पेसिंगच.

फरक हाताला कळायला उसळणाऱ्या चेंडूसारखा सराव नाही. चेंडू वरून पडतो, जमिनीला लागतो, परत वर जातो. तीन की-फ्रेम्स. आणि इथे जवळपास प्रत्येक नवशिक्या एकच चूक करतो: तिन्ही की-फ्रेम्स निवडतो आणि एफ९ दाबतो. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ९ म्हणजे ईझी ईझ: की-फ्रेमपाशी वेग शून्य आणि दोन्ही बाजूंना प्रभाव (की-फ्रेमच्या वेगाचा परिणाम किती लांबपर्यंत पोचतो ते) ३३.३३ टक्के. वरच्या टोकाला हे बरोबर आहे, तिथे चेंडू खरंच क्षणभर थांबतो. पण जमिनीपाशी? तिथे वेग शून्य केला की चेंडू जमिनीजवळ येता येता हळू होतो, अलगद टेकतो आणि अलगद निघतो. जमिनीवर गादी आहे की काय असं वाटतं. मग "उसळी जड वाटतेय" म्हणून की-फ्रेम्स जवळ आणल्या जातात. गादी तशीच राहते, फक्त चेंडू तिच्यावर लवकर आपटतो.

खाली पडणारी वस्तू सारख्या कालखंडांत १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने सतराव्या शतकात दाखवून दिलं. आपले वरचे ५, १५, २५, ३५ हे तेच प्रमाण आहे, मी ते मुद्दाम निवडलं होतं. म्हणजे चेंडूची सगळ्यात मोठी उडी जमिनीला लागण्याच्या आधीच्या फ्रेमला असते आणि वर निघतानाची सगळ्यात मोठी उडी लगेच पुढच्या. दर फ्रेमची जागा ठिपक्याने दाखवली तर जमिनीपाशी ठिपके सगळ्यात विरळ, वर सगळ्यात दाट.

करून बघायचं असेल तर: सेकंदाला २४ फ्रेम्स, पोझिशनचे एक्स (आडवी जागा) आणि वाय (उभी जागा) वेगळे करा. चेंडू ७२० पिक्सेल उंचीवरून १२ फ्रेम्समध्ये पडू दे. वरच्या की-फ्रेमला वेग ० आणि प्रभाव ३३.३३. जमिनीच्या की-फ्रेमला येतानाचा प्रभाव तोच ३३.३३, पण वेग सरासरीच्या दुप्पट. सरासरी वेग अर्ध्या सेकंदात ७२०, म्हणजे सेकंदाला १४४०. म्हणून जमिनीवर २८८०. एवढं भरलं की फ्रेमला ५, १५, २५ असं तंतोतंत येतं. पुढच्या उसळीला वर जायला १० फ्रेम्स दिल्यात तर उंची ५०० घ्या, त्यापुढे ८ फ्रेम्स दिल्यात तर ३२०. उंची मनाने ठरवायची नाही. चेंडू त्याच गुरुत्वाकर्षणात आहे हे डोळ्याला पटायला फ्रेम्स आणि उंची यांचं हे गणित जुळावं लागतं. व्हॅल्यू ग्राफ (कोणत्या वेळी जागेची किंमत किती ते दाखवणारा आलेख) उघडाल तेव्हा तो उलटा दिसेल, कारण वायची किंमत पडद्यावर खाली जाताना वाढते. जमीन वर दिसेल, टोकदार, आणि हवेतला वळसा खाली, गोल. ते टोक गोल झालेलं दिसलं की समजा गादी परत आली.

ग्राफचा विषय निघालाच आहे तर: व्हॅल्यू ग्राफमध्ये रेघ किती उभी आहे ते म्हणजे वेग, स्पीड ग्राफमध्ये रेघ किती उंच आहे ते म्हणजे वेग. माझं मत विचाराल तर शिकताना व्हॅल्यू ग्राफच वापरा. पण स्पीड ग्राफमधली एक गोष्ट प्रत्येकाने एकदा तरी नीट बघावी. त्या रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. टायमिंग तेच आणि अंतर तेच असेल तर क्षेत्रफळ बदलू शकत नाही. दोन्ही टोकं खाली दाबलीत की मधला भाग वर येणारच, फुग्यासारखा.

म्हणूनच "अजून स्मूद हवं" म्हणून प्रभाव ८०-९० टक्क्यांपर्यंत ताणला की मधेच धक्का बसतो. समजा आपल्या १२ फ्रेम्सपैकी पहिल्या चार आणि शेवटच्या चार मिळून १२० पिक्सेलच सरकल्या. उरलेले ६०० मधल्या चार फ्रेम्सना कापायचे आहेत, फ्रेमला सरासरी १५०. वस्तू १०० पिक्सेल रुंद असेल तर एका फ्रेममधली तिची जागा पुढच्या फ्रेममधल्या जागेला शिवतसुद्धा नाही आणि डोळ्याला सरकणं न दिसता लुकलुकणं दिसतं. मोशन ब्लर (हलती वस्तू पुसट करणं) लावून हे झाकायची सवय मला पटत नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये शटर अँगल मुळात १८० अंश असतो, म्हणजे ब्लर फ्रेमच्या निम्म्या वेळाचाच. १५० पिक्सेलच्या उडीत ७५ पिक्सेलचा रस्ता तो माखतो, उरलेल्या निम्म्या उडीचा माग उमटतच नाही. इथे मात्र खरंच टायमिंग वाढवायचं असतं. एवढं ताणलेलं स्पेसिंग १२ फ्रेम्समध्ये मावत नाही, त्याला १८-२० द्या. की-फ्रेम सरकवण्याची ही योग्य वेळ.

ईझ इन आणि ईझ आउटच्या नावांवरून वाद घालणाऱ्यांसाठी दोन ओळी पुरेत. आफ्टर इफेक्ट्स की-फ्रेमच्या बाजूने बोलतं: ईझी ईझ आउट म्हणजे की-फ्रेममधून बाहेर पडताना हळू. सीएसएस (वेब पानांचं रूप ठरवणारी भाषा) हालचालीच्या बाजूने बोलतं: ईझ-आउट म्हणजे संपताना हळू. एकाचं आउट ते दुसऱ्याचं इन. वेबवाल्याला सांगताना "सुरुवातीला हळू" किंवा "शेवटी हळू" असं शब्दांत सांगा, पुढची फेरी वाचते.

बिघाड कुठे आहे हे ओळखायची माझी पद्धत अशी. सगळ्या की-फ्रेम्स होल्डवर टाका आणि चालवा. आता वस्तू सरकत नाहीत, ठरलेल्या क्षणी टुणकन नव्या जागी जातात. स्पेसिंग पूर्ण काढून टाकलं, उरलं ते फक्त टायमिंग. आवाजाबरोबर, तालाबरोबर ते बसतंय का ऐका, टेबलावर बोटाने ठेका धरून बघा. ठेका बसत असेल तर की-फ्रेम्सना पुन्हा हात लावू नका. होल्ड काढा आणि मोशन पाथवरचे, म्हणजे वस्तूच्या रस्त्याच्या रेघेवरचे, ठिपके बघा. प्रत्येक ठिपका म्हणजे एक फ्रेम. ते ठिपके एखाद्या स्थिर चित्रासारखे वाचा: जिथे दाट आहेत तिथे डोळा रेंगाळणार, जिथे विरळ आहेत तिथून तो नुसता वाहून जाणार. दाट ठिपके जिथे पडलेत ती चौकटीतली महत्त्वाची जागा आहे का? चित्ररचना आणि हालचाल इथे एकमेकांना भेटतात. शीर्षकाचे दाट ठिपके रिकाम्या कोपऱ्यात पडले असतील तर नजर तिथेच अडकते आणि ज्याच्याकडे बघायचं ते सुटतं.

त्यामुळे मी आधी सगळं थांबलेली चौकट रचतो, सगळ्या गोष्टी आपापल्या शेवटच्या जागी असलेली. ती स्थिर असताना नीट दिसत नसेल तर तिला हलवण्यात अर्थ नाही. मग त्या चौकटीपासून मागे जात एकेकाचा रस्ता आखतो. तीन गोष्टी आत यायच्या असतील तर बहुतेकदा तिघांना एकाच वेळी आणलं जातं, आणि नजर कुणाकडे जावी हेच कळत नाही. स्पेसिंग तिघांचं सारखं ठेवा, म्हणजे त्या एका कुटुंबातल्या वाटतात. सुरुवात मात्र दोन-तीन फ्रेम्सच्या फरकाने करा, आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी स्थिरावू द्या.

एक सराव संगणकाशिवायचा. कागदावर रेघ ओढा, तिच्यावर १३ खुणा करा, एका टोकाला विरळ, दुसऱ्या टोकाला दाट. नाणं एकेका खुणेवर ठेवत फोनने फोटो काढा आणि लागोपाठ चालवा. मग त्याच १३ खुणा समान अंतरावर काढून परत करा. दोन्हीत फोटो तेरा, दोन्हीत वेळ तेवढाच.