औलीत रात्री बर्फ पडला तर सकाळी काय करायचं

आमच्याबरोबर औलीच्या स्कीइंग बॅचला येणाऱ्यांनी निघायच्या आधी हे एकदा वाचाच, कारण ताजा बर्फ पडला की ठरलेलं टाइमटेबल आम्ही बाजूला ठेवतो आणि मग सगळे विचारतात की एवढ्या पहाटे का उठवलं.

जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमी झंझावात आला की औलीत एका रात्रीत गुडघाभर बर्फ पडू शकतो. थंडी कडक असली की हा बर्फ एकदम कोरडा असतो, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, तूप कमी पडलेल्या बेसनाचा लाडू कसा वळता वळता सुटतो अगदी तसं. यालाच स्कीवाले पावडर म्हणतात. त्यात बहुतेक हवाच, 10 सेंटीमीटरचा थर वितळवला तर पाणी जेमतेम 1 सेंटीमीटर निघतं. पण ऊन चढलं की तो दमट होऊन बसतो, जड होतो, आणि रात्री पुन्हा गोठला की वर पापुद्रा धरतो, त्यात स्की अडकून गुडघा पिरगळू शकतो. म्हणून खरी मजा सकाळच्या दोन-तीन तासांची. चहा-बिस्किटं घ्या आणि चला, नाश्ता नंतर.

आदल्या दिवशी शिकवलेलं इथे थोडं बदलावं लागतं. बर्फ दाबून सपाट केलेल्या स्लोपवर (उतारावर) वळताना बाहेरच्या पायावर वजन द्यायला सांगतो ना, पावडरमध्ये तसं केलं की तोच पाय रुततो आणि तुम्ही तोंडावर. दोन्ही पायांवर सारखं वजन, पाय जरा जवळ, वळण सावकाश. मागे रेलायचा मोह सगळ्यांना होतो, पण मांड्या लगेच भरून येतात. पडलात तर लागत सहसा नाही, उठणं मात्र कठीण, हात टेकला की कोपरापर्यंत आत जातो, म्हणून दोन्ही पोल (हातातल्या काठ्या) फुलीसारखे बर्फावर आडवे ठेवून त्यावर जोर द्या. स्की सुटून गाडली गेली तर आधी तुम्ही पडलात त्याच्या वरच्या बाजूला शोधा, सगळे खालीच शोधत बसतात.

आता एक गोष्ट जी आम्ही कुणासाठीच बदलत नाही. बर्फ थांबल्यावर पहिले एक-दोन दिवस हिमस्खलनाचा धोका जास्त असतो, त्यातही 30 ते 45 अंशांच्या उतारावर, आणि वर गोरसनच्या, म्हणजे औलीच्या वरच्या कुरणाच्या, बाजूला कितीही कोरा बर्फ दिसला तरी तिकडे नेत नाही. झाडांमध्येही नाही, देवदाराच्या बुंध्याभोवती बर्फ पोकळ असतो, माणूस डोकं खाली होऊन आत गेला तर एकट्याला निघता येत नाही. जोडीने राहा, जोडीदार दिसेनासा झाला तर लगेच हाक मारा. तुमचे पैसे बुडाले असं वाटेल, पण स्लोप बंद ठेवायचा निर्णय आम्ही पूर्ण विचार करूनच घेतो.

मुक्काम खाली जोशीमठात स्वस्त पडतो तरी आम्ही औलीतच ठेवतो. 2023 च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचली तेव्हा तिथून औलीला येणारा रोपवे थांबवला गेला, तेव्हापासून आमचा भरवसा रस्त्यावरच, आणि ताज्या बर्फात टायरना चेन लावूनही कधीकधी टॅक्सी त्या रस्त्याने वर येऊ शकत नाही. वर असलात तर सकाळ हातातून जात नाही.

जीन्स आणि सुती मोजे घरीच ठेवा, भिजले की वाळत नाहीत. गॉगलची काच आतून पुसू नका, फॉग न धरण्यासाठी लावलेला थर निघून जातो. नवा बर्फ ऊन खालून परत फेकतो, तेव्हा सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीखालीसुद्धा लावा. आणि हातमोज्यांचे दोन जोड आणा, पहिला दुपारपर्यंत ओला होतोच.