उन्माद आणि अल्पोन्माद

मनाचा आणि शरीराचा वेग नेहमीच्या स्वभावापेक्षा उघडपणे वाढून दिवसचे दिवस तसाच राहतो, अशी बायपोलर विकारातील (उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा मनोविकार) अवस्था. रुग्ण आनंदीच असतो असे नाही. काहींत नुसता चिडकेपणा दिसतो. बोलणे थांबत नाही, विचार उड्या मारतात, पैसा, वाहन आणि लैंगिक संबंध यांबाबत बेफिकिरी येते. सर्वांत उपयोगी खूण झोपेची. निद्रानाशाचा रुग्ण सकाळी गळून गेलेला असतो. उन्मादातला ३ तास झोपून ताजातवाना उठतो.

लक्षणे ७ दिवस टिकून कामकाज कोलमडले तर उन्माद, किमान ४ दिवस टिकून निभावले तर अल्पोन्माद. रुग्णालयात दाखल करावे लागले तर दिवस मोजत नाहीत. भ्रम वा भास असतील तर त्याला अल्पोन्माद म्हणत नाहीत. अल्पोन्माद हमखास निसटतो, कारण त्यात रुग्णाला छान वाटत असते. तो डॉक्टरकडे येतो नैराश्यात. मग नुसती नैराश्यरोधक गोळी सुरू होते आणि तीच कधी उन्माद भडकवते. म्हणून पूर्वी असा काळ आला होता का, हे घरच्यांनाही विचारावे. स्टेरॉइड, उत्तेजक द्रव्ये आणि थायरॉईडचा अतिस्राव यांमुळेही असेच चित्र दिसते.

उपचारात आधी नैराश्यरोधक बंद करतात. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल या मनोविकृतीरोधक औषधांचा गुण काही दिवसांत दिसू लागतो, मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमला १ ते ३ आठवडे लागतात. त्यामुळे तीव्र उन्मादात बहुधा दोन्ही जोडीने देतात. लॅमोट्रिजिन या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाचा तीव्र उन्मादात उपयोग नाही. गर्भधारणा संभवत असेल तर व्हॅल्प्रोएट हे उन्मादावरचे आणखी एक औषध टाळावे. गर्भात मज्जारज्जूचे दोष उद्भवू शकतात.

उन्मादावर लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये नोंदवला. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. पातळी मोजण्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यावे. सकाळची गोळी घेऊन दिल्यास आकडा फुगतो आणि मात्रा उगाच घटवली जाते. तीव्र अवस्थेत पातळी ०.८ ते १.२, पुढे बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. जुलाब, भरपूर घाम, एकाएकी मीठ तोडणे, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके, लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गटातील गोळ्या यांमुळे मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि पातळी चढते. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणे अडखळले तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालय गाठावे. मूत्रपिंड, थायरॉईड व कॅल्शियम दर ६ महिन्यांनी तपासतात. बरे वाटते म्हणून लिथियम एकदम सोडल्यास उन्माद उलटण्याचा धोका मोठा. बंदच करायचे असेल तर किमान ४ आठवडे, शक्यतो ३ महिने घेऊन मात्रा उतरवतात.