दुचाकी अपघातानंतर विम्याचा दावा : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

घोडबंदर रस्त्यावर पावसात दुचाकी घसरणे आणि पाम बीच रस्त्यावर मागून आलेल्या मोटारीने धडक देणे, हे दोन्ही अपघातच असले तरी विम्याच्या दृष्टीने त्यांचे मार्ग वेगळे आहेत. आपला दावा कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ठरवले नाही, तर कागदांची थैली घेऊन चुकीच्या दारात उभे राहण्याची वेळ येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार बंधनकारक असलेला ‘थर्ड पार्टी’ विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या हानीचा विमा, स्वतःच्या गाडीचा फुटलेला आरसाही भरून देत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी, म्हणजे ज्याला आपण ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो ती, किंवा स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीची वेगळी पॉलिसी लागते.

गाडीच्या नुकसानीचा दावा आपल्याच विमा कंपनीकडे करावयाचा असतो. कंपनीला त्याच दिवशी कळवून दावा क्रमांक घ्यावा आणि नुकसान तपासणारा सर्वेक्षक गाडी पाहून जाईपर्यंत गॅरेजमध्ये एकही भाग उघडू देऊ नये. माझ्या मावसभावाच्या बाबतीत मेकॅनिकने घाईने वाकलेले हँडल आणि मडगार्ड काढून भंगारात टाकले होते. सर्वेक्षकाला ते दिसलेच नाहीत आणि तेवढी रक्कम अंदाजपत्रकातून वगळली गेली. अर्जासोबत पॉलिसी, वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचा वाहन परवाना, दुरुस्तीचे अंदाजपत्रक, ओळखीचा पुरावा व बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो. परवाना अपघाताच्या दिवशी वैध आणि त्याच प्रकारच्या वाहनाचा असावा. विनागिअर दुचाकीच्या परवान्यावर मोटरसायकल चालवली असेल, तर दावा तिथेच अडतो.

मंजूर रक्कम गॅरेजच्या बिलाएवढी नसते, याचा अनेकांना धक्का बसतो. रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापला जातो; चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी तो ३५ टक्के असतो. ‘झिरो डेप’ (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) घेतले असेल तर यातील बराचसा भाग वाचतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमाकृत मूल्याच्या (पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्ण हानीत धरली जाते. दावा घेतल्यावर ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, म्हणून किरकोळ खरचटण्यासाठी दावा करणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

चालक-मालकाच्या शरीराला इजा झाल्यास वेगळा आधार आहे. १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्यातून मृत्यू, अवयव गमावणे किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व यांसाठी भरपाई मिळते. साध्या फ्रॅक्चरचा रुग्णालय खर्च यात बसत नाही. मागे बसलेली व्यक्ती मात्र त्यात येत नाही, आणि केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तिला आपल्या कंपनीकडून भरपाई मिळण्याची शक्यता कमीच.

दुसऱ्या वाहनाच्या चुकीमुळे दुखापत झाली असल्यास त्या वाहनाचा मालक, चालक व विमा कंपनी यांच्याविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे त्याच अधिनियमाच्या कलम १६६ खाली अर्ज करता येतो. अपघात जिथे झाला तिथे किंवा अर्जदार राहतो तिथे, कुठेही अर्ज चालतो. त्यामुळे साताऱ्याजवळ जखमी झालेल्या कळव्याच्या रहिवाशाला ठाण्यातच दाद मागता येते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार या अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, रुग्णालयाची मूळ बिले, उत्पन्नाचा पुरावा आणि अपंगत्व आले असल्यास त्याचे प्रमाणपत्र लागते. धडक देणारे वाहन पळून गेल्यास गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यूसाठी दोन लाख रुपयांची भरपाई योजना आहे.

या सर्व कागदांत एक जागा फार नाजूक असते. अपघात विभागात डॉक्टर ‘काय झाले?’ असे विचारतात आणि उत्तर तिथेच वैद्यकीय नोंदीत उतरते. शुद्धीवर नसलेल्या रुग्णाऐवजी सोबतचा मित्र ‘घसरून पडला’ असे सांगून मोकळा होतो, आणि पुढे न्यायाधिकरणात ‘मोटारीने उडवले’ म्हणताना कंपनीचा वकील नेमकी तीच ओळ पुढे करतो. म्हणून सोबत जाणाऱ्याने जे पाहिले तेवढेच सांगावे आणि पाहिले नसेल तर तसे म्हणावे.

कंपनीने दावा नाकारला किंवा कमी रक्कम दिली, तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तर न पटल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. ठाणे व नवी मुंबईसाठी आता ठाण्यातच लोकपाल कार्यालय आहे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारींसाठी तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र न्यायाधिकरणातला अपघात भरपाईचा अर्ज तेथे चालत नाही.